फेसबुकवर नवे आहात? खळं आणि चव्हाटा यांत गल्लत करू नका

आमच्या शेजारच्या काकांना मुलाने मे महिन्यात फेसबुक उघडून दिलं आणि सुट्टी संपताच तो मुंबईला परत गेला. आठवड्याभरात काकांनी चुलतभावाच्या फोटोखाली सामाईक जमिनीच्या वाटणीवरून चार तिखट शब्द लिहिले. दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी तेच बोलत होती. "मी फकत त्याकाच लिवलंय," काका कळवळून म्हणाले. त्यांना ते पत्र वाटलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण पत्र आणि कमेंट यांतला फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

नव्या माणसाची मूळ चूक हीच. पडद्यावर ओळखीचे चेहरे दिसतात, म्हणून आपण आपल्या खळ्यात, म्हणजे घरच्या अंगणात बसलोय असं वाटतं; प्रत्यक्षात तो चव्हाटा असतो. पोस्टच्या वेळेशेजारी पृथ्वीचा छोटा गोल दिसला, तर ती कुणालाही वाचता येते. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा, ती फक्त मित्रांपुरती करता येते. पण दुसऱ्याच्या फोटोखाली लिहिलेलं कोण वाचणार, हे त्या फोटोवाल्याच्या सेटिंगवर ठरतं. एकट्याला सांगायचं तर मेसेंजर आहे. वाटणीचं मात्र समोर बसूनच बोला. काकांची कमेंट आम्ही काढली, पण तोवर निघालेले स्क्रीनशॉट काढता येत नाहीत.

चतुर्थीला गावी निघताना तिकिटाचा फोटो टाकू नका. मुंबईतलं घर बंद आहे, हे त्यातून सगळ्यांना कळतं. फोटो परतल्यावर टाका.

आंबेवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. हापूसचा भाव आणि नंबर टाकला की एखादा फोन येतो: "मी लष्करात आहे, दहा पेट्या हव्यात, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. फसलात तर लाजेने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

आधीच मित्र असलेल्याची पुन्हा रिक्वेस्ट आली, तर स्वीकारण्याआधी त्याला फोन करा. बहुधा कुणीतरी त्याचा फोटो उचलून खोटं खातं काढलेलं असतं आणि दोन दिवसांत दवाखान्याच्या नावाने पैशांची मागणी येते. तसंच व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड सख्ख्या भावालाही देऊ नका. दिला गेलाच, तर आपल्या फोनवर त्याच नंबराने पुन्हा नोंदणी करा, म्हणजे समोरचा बाहेर फेकला जातो. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे आपण ठरवलेला जादा पिन, लावून टाका.

आणि वादळाचे फॉरवर्ड. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हापासून आमच्याकडे वारा वाढला तरी माणसं धास्तावतात. ज्यांची होडी समुद्रात आहे, त्या घरात जुना व्हिडिओ पोचला तर रात्रभर कुणाला झोप लागत नाही. व्हॉट्सॲपच्या मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो कितीतरी हातांतून फिरून आलेला असतो. तो पुढे ढकलू नका. हवामान विभागाचा इशारा पाहा आणि बंदरावर फोन करून विचारा.