पेरोव्हस्काइट सेल मोजायला बसण्याआधी

सिलिकॉनच्या सौर सेलवर हात बसलेला विद्यार्थी पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाच्या सेलकडे वळला की पहिल्याच आठवड्यात अडखळतो. सेल तोच, दिवा तोच, पण सेलवरचं व्होल्टेज 1.2 वरून शून्याकडे आणताना कार्यक्षमता समजा 18 टक्के दिसते आणि शून्यावरून वर जाताना 14. मग प्रोब सैल आहे का, दिवा हलला का, हे बघण्यात दिवस जातो. बहुतेक वेळा दोष तिथे नसतोच, तो सेलच्या आत सरकणाऱ्या आयनांत, म्हणजे विद्युतभारित अणूंत असतो.

मिथिलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्हस्काइटच्या स्फटिकात आयोडाइडच्या काही जागा रिकाम्या असतात आणि शेजारचा आयोडाइड त्या जागेत उडी मारतो. या उडीला लागणारी ऊर्जा गणनेनुसार सुमारे 0.58 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. शिशाच्या आयनाला 2 हून अधिक लागते, त्यामुळे शिसं जागचं हलत नाही. 0.58 चा व्यवहारातला अर्थ असा, की 25 अंशांवरून 35 वर गेलात तर आयनांची हालचाल साधारण दुप्पट होते. मे महिन्यात एसी बंद असताना घेतलेला आलेख जानेवारीतल्या आलेखाशी जुळणार नाही. वहीत खोलीचं नव्हे, सेलचं तापमान लिहा. दिव्याखाली तो चांगलाच तापतो.

सेल शून्य व्होल्टवर थोडा वेळ राहिला की आयन दोन्ही कडांना गोळा होतात आणि आतलं विद्युतक्षेत्र झाकून टाकतात. अशा वेळी व्होल्टेज भराभर वाढवलं तर त्यांना परतायला सवड मिळत नाही. मधल्या टप्प्यात क्षेत्र उलटं होतं, इलेक्ट्रॉन चुकीच्या कडेला ढकलले जातात आणि होलशी (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या, धनभारित जागेशी) मिळून वाया जातात. 1.2 व्होल्टवरून खाली येताना ही साठवण झालेली नसते, क्षेत्र मदतीला असतं, म्हणून आकडा फुगतो.

त्यामुळे एकाच वेगाने स्कॅन करून, म्हणजे व्होल्टेज फिरवून, थांबू नका. सेकंदाला 10, 100 आणि 1000 मिलिव्होल्ट असे तिन्ही वेग घ्या, 1.2 व्होल्टला अनुक्रमे 120, 12 आणि 1.2 सेकंद लागतात. प्रत्येक स्कॅनआधी सेल किती व्होल्टवर, किती वेळ, उजेडात की अंधारात ठेवला होता, याची नोंद हवीच. पुरेशा हळू स्कॅनमध्ये आयन मागोमाग येतात, फार वेगात ते गोठल्यासारखे राहतात. दोन्हीकडे चढत्या आणि उतरत्या आलेखांमधली फट मिटते. म्हणूनच फट दिसली नाही याचा अर्थ आयन नाहीत असा होत नाही. फुलरीनचा (कार्बनच्या पोकळ रेणूंचा) थर असलेल्या, उलट्या रचनेच्या (थरांचा क्रम उलटा असलेल्या) सेलमध्ये आयन हलत असतात, पण कडेला वाया जाणारे वाहक (इलेक्ट्रॉन आणि होल) कमी असल्याने ते आलेखात उमटत नाहीत. प्रबंधात ही चूक हमखास सापडते. जाहीर करायचा आकडा कमाल शक्तीच्या बिंदूवर सेल काही मिनिटं धरून, स्थिर झाल्यावर घ्या.

इम्पीडन्समध्ये, म्हणजे छोटं उलटसुलट व्होल्टेज देऊन प्रवाहाचा प्रतिसाद मोजताना, चकवा आणखी मोठा आहे. 500 नॅनोमीटरच्या थराची भूमितीवरून येणारी धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता), डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतक्षेत्र किती पट कमी करतो तो आकडा) 25 धरला तर, चौरस सेंटिमीटरला साधारण 45 नॅनोफॅरॅड येते. उजेडात 1 हर्ट्झच्या खाली तीच मिलिफॅरॅडमध्ये गेलेली दिसू शकते. इतका विद्युतभार थरात साठलेला नसतो. आयन सावकाश सरकतात, त्याबरोबर कडेवरचा पुनःसंयोगाचा (इलेक्ट्रॉन-होल मिळून वाया जाण्याचा) प्रवाह बदलतो आणि व्होल्टेजच्या मागे पडतो. यंत्र त्या विलंबाला धारकता समजतं. हीच बाब उलट्या दिशेने घडली की ऋण धारकता दिसते. या आकड्यावरून डायइलेक्ट्रिक स्थिरांक काढत बसू नका. उलटसुलट व्होल्टेजचा आयाम 10 मिलिव्होल्ट ठेवा. 10 मिलिहर्ट्झला एका आवर्तनाला 100 सेकंद लागतात, तेवढ्यात सेलच बदलू शकतो. शेवटी 1 किलोहर्ट्झचा बिंदू पुन्हा घ्या. तो आधीच्यावर बसला नाही तर तो संच बाद करा.

चांदीच्या इलेक्ट्रोडची कड पिवळट, काळपट होताना दिसली तर आयोडाइड तिथवर पोचला असण्याची शक्यता मोठी. सिल्व्हर आयोडाइड झालं की तो पिक्सेल (काचेवरचा तो एक छोटा सेल) परत येत नाही. निव्वळ आयन सरकल्याने आलेली घट मात्र रात्रभर अंधारात ठेवल्यावर बऱ्यापैकी भरून येते. सौर सेलचा टिकाऊपणा तपासण्याच्या 2020 च्या आयसॉस चाचणीपद्धतीत उजेड-अंधाराची आवर्तनं आहेत ती याचसाठी. संध्याकाळी आकडा घसरलेला सेल फेकण्याआधी सकाळी, दिवा लावल्यापासूनची वेळ मोजत, पुन्हा एकदा तपासा.