गाडी तापते तेव्हा: आधी काट्याकडे बघा

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येत होतो. खंबाटकी घाटात पुढे ट्रकची रांग. पहिल्या गिअरवर सरकत निम्मा घाट चढलो आणि तापमानाचा काटा मधली जागा सोडून वर निघाला. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर टाकला, काचा खाली घेतल्या. हीटर इंजिनाची उष्णता गाडीच्या आत ओढून घेतो, छोटा रेडिएटरच तो. सगळे घामाने निथळलो, पण काटा थांबला. जागा मिळताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

सासूबाईंनी मागून पाण्याची बाटली पुढे केली. "झाकण काढून ओत गं थोडं." त्यांना म्हटलं, आई, आत्ता त्याला हात लावायचा नाही. रेडिएटरचं झाकण आतलं पाणी साधारण १ बार दाबाखाली धरून ठेवतं. एरवी १०० अंशांना उकळणारं पाणी त्या दाबाखाली १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. निदान तासभर थांबा. वरचा जाड होज पाइप हाताला सोसवतोय आणि दाबल्यावर मऊ लागतोय ना, ते बघा. मग जाड फडकं ठेवून झाकण अर्धंच फिरवा, फुसफुस पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी तर मुळीच ओतू नका, हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

घरी आल्यावर पाना हातात घेण्याआधी काटा नेमका कधी चढतो ते वहीत लिहा. सिग्नलला उभं राहिलं की चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो? मग बहुतेक पंख्याचा दोष. हायवेवर वेगात चढतो? रेडिएटर चोंदला असेल किंवा पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. सकाळी गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच चढतो? थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अडकलाय किंवा कूलंटच (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नाही. या एका नोंदीने माझे बरेच पैसे वाचले, कारण एका गॅरेजमध्ये मला थेट नवा रेडिएटर सांगितला होता.

माझा काटा फक्त संथ चालीत चढत होता, म्हणून पंख्यापासून सुरुवात केली. इंजिन चालू करून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा पंखाही फिरू लागतो. माझा हलला नाही. फ्यूज काढून पाहिला, शाबूत होता. पंख्याचा रिले (त्याला वीज सोडणारा स्विच) काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे बसवला, तरी काही नाही. मग पंख्याच्या मोटरकडे जाणाऱ्या वायरचा कनेक्टर सोडवला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं, पिनेवर काजळी. नवा कनेक्टर जोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून पंखा हाताने फिरवून पाहिला. मोकळा फिरत होता. मोटर जड झाली असती तर तिने जास्त करंट ओढून नवा कनेक्टरही जाळला असता. एक सांभाळा: पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. ओढणी, पदर, मोकळे केस लांब ठेवा.

पुढच्या हिवाळ्यात दुसरंच दुखणं. काटा पाच मिनिटांत वर, आणि रेडिएटर मात्र हाताला गार. थर्मोस्टॅट काढला. त्यावर ८२ कोरलेलं होतं, म्हणजे त्या तापमानाला तो उघडायला लागायला हवा. एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने असा टांगला, की तळाला टेकणार नाही, आणि शेजारी थर्मामीटर सोडला. ८५ झाले, ९० झाले, पाण्याला उकळी फुटली, तरी झडप मिटलेलीच. पाणी निवू दिलं, नवा त्यात टांगून पुन्हा तापवलं, तर ८२ च्या पुढे जाताच झडप हळूहळू उघडू लागली. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका, कूलंट विषारी असतं. चव गोडसर असल्याने कुत्री-मांजरंही चाटतात, म्हणून काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरा, गटारात सोडू नका.

"काढूनच टाका तो वॉल्व, आपल्या हवेत लागत नाही," असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ऐकू नका. त्याच्याविना इंजिन वेळेत गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झिजही वाढते.

कूलंट कमी होत असेल तर नुसतं भरत बसू नका, जातंय कुठे ते शोधा. बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि आठवड्याने बघा. होजच्या क्लिपांपाशी, वॉटर पंपाखाली हिरवट-गुलाबी वाळलेला थर दिसला की गळती तिथेच. रेडिएटरच्या जाळीतले किडे आणि चिखल इंजिनाच्या बाजूने हलक्या धारेने धुवा, जोराच्या धारेने पत्री पाती वाकतात. भरताना बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आत बसतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

भरल्यावर आतली हवा काढायला विसरू नका. गाडीचं तोंड चढाला ठेवा. इंजिन थंड असतानाच झाकण उघडून सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि वरचा होज अधूनमधून दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तेवढं भरत जा. बुडबुडे थांबले की झाकण लावा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा.

बुडबुडे थांबतच नसतील, ऑइलच्या पट्टीवर दुधाळ साय दिसत असेल किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनामधलं सील) गेल्याचा संशय धरा. ते अंगणात होणारं काम नाही. गाडी पुन्हा सुरू करू नका, ओढूनच गॅरेजला न्या.