कॅरिअरवर घरची पेटी: भोक पाडू नका, आवळा

मोटारसायकलच्या मागे पेटी बसवायची म्हटलं की गावात प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. कोणी म्हणतो दोरीने बांध, कोणी म्हणतो वेल्डिंग मार, कोणी म्हणतो कॅरिअरला चार भोकं पाड. मी शंभर सीसीच्या गाडीवरून गावरान अंडी आठवडी बाजारात नेतो. अंड्यांइतका कडक परीक्षक नाही. पेटी जरा डुलली तरी खालच्या ट्रेला पिवळं लागलेलं दिसतं. माझ्याच तीन आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बऱ्याच पेट्या बसवून झाल्यावर हे लिहितोय.

पेटी कशी करायची ते सांगत बसत नाही. तळाला १२ मिमीचा मरीन प्लाय, बाकी बाजू ६ मिमीच्या, कोपऱ्यांना ॲल्युमिनियमचे अँगल आणि रिव्हेट. तीस अंड्यांचा ट्रे बसावा म्हणून माझी पेटी आतून ३३ सेंमी चौरस आहे, रिकामी पाच किलोच्या आसपास भरते. सगळीच १२ मिमीची करू नका. तेवढं वजन मालाऐवजी लाकडाचंच वाहून न्याल. प्लायच्या कडांना रंगाचे दोन हात जास्त द्या, पाणी तिथूनच शिरतं.

मापाला सरकारी मर्यादा आहे. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला, त्यानुसार दुचाकीवरची पेटी लांबीला ५५०, रुंदीला ५१० आणि उंचीला ५०० मिमीपेक्षा मोठी चालत नाही. मागे बसणाऱ्याच्या जागेवर ठेवली तर गाडीवर फक्त चालवणारा. सीटच्या मागे असेल तर डबलसीट चालतं. मागचा दिवा आणि नंबर प्लेट झाकली जाणार नाही हेही बघा.

आता खरं काम.

पहिल्या पेटीसाठी मी कॅरिअरच्या पाइपाला भोकं पाडली. पावसाळ्यात पाणी आत गेलं, आतून गंज चढला आणि पुढच्या वर्षी पाइप नेमका भोकापाशीच तुटला. दुसऱ्या पेटीला दुकानातून यू क्लॅम्प आणले आणि प्लायमधून थेट आवळले. आठवड्यात ढिले. पुन्हा आवळले, पुन्हा ढिले. मी नटांना शिव्या घालत होतो आणि वायसर हळूहळू प्लायमध्ये रुतत होते. लाकूड जेवढं दबतं तेवढा ताण जातो, मग नट कितीही भारी आणा. म्हणून प्लायवर एकटा वायसर कधीच नको. पेटीच्या आत ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी, पाइपाखाली ५ मिमीची, आणि दोन्ही पट्ट्यांमधून पाइपाच्या अल्याड-पल्याड एकेक बोल्ट. पाइप मधे चिमटला जातो, त्याला भोक पडत नाही आणि दाब सगळ्या पट्टीवर पसरतो. अशा चार जोड्या.

पेटीच्या तळाला बोल्टची भोकं कुठे पाडायची याचा अंदाज टेपने घेऊ नका. कॅरिअरचे पाइप सरळ दिसतात, सरळ नसतात. पाइपांवर ओला गेरू फासा, पेटी हव्या त्या जागी ठेवून वरून दाबा आणि उचला. तळावर पाइपांचा ठसा उमटतो. पाइपाची कड आणि भोकाची कड यांत तीनेक मिमी राहतील अशी खूण करा. भोक फार लांब गेलं तर आवळताना पट्टी केळीसारखी वाकते. ठसा तीनच ठिकाणी उमटला असेल तर चौथा कोपरा अधांतरी आहे. तिथे पत्र्याचा तुकडा सारा, नाहीतर आवळताना तळ पिळवटेल आणि झाकण बसायचं नाही.

पेटी आणि पाइपामधल्या रबराबद्दल लोक फार चुकतात. ‘धक्के बसू नयेत’ म्हणून टायरचा जाड तुकडा घालतात. तो रोज थोडा थोडा चेपत राहतो, म्हणजे प्लायचाच रोग पुन्हा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक थर पुरतो, तोही पाइप घासू नये म्हणून. धक्के खायला गाडीचे शॉकअप आहेत.

पुढच्या दोन जोड्यांना ८ मिमीचे बोल्ट, मागच्यांना ६ चे. गतिरोधकावर पेटीची मागची बाजू खाली दबते आणि पुढची वर उचलली जाऊ पाहते, सगळी ओढाताण पुढच्या बोल्टांवर येते. कॅरिअरला आडवा पाइप असेल तर एक जोडी त्याला अगदी चिकटवून घ्या, ब्रेक मारल्यावर पेटी सरकणार नाही. माझ्या कॅरिअरला ५० मिमी लांबीचे बोल्ट पुरले. नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले घ्या आणि एकदा काढलेला परत वापरू नका. ट्यूबची कड जराशी फुगेपर्यंत आवळा, मग अर्धा फेरा, बस. कॅरिअरचा पाइप पातळ असतो, ताकद दाखवायला गेलात तर चपटा होईल.

बोल्टांच्या डोक्यांवर जुन्या चटईचा तुकडा अंथरा. तळाच्या चार कोपऱ्यांत पाणी जायला बारीक भोकं. झाकणाची बिजागरी पुढच्या, म्हणजे सीटच्या बाजूला हवी. कडी निसटली तरी वारा झाकण दाबूनच ठेवतो. उलटं बसवलेलं झाकण मी रस्त्यावर परत जाऊन शोधलं आहे.

पेटी जमेल तेवढी पुढे, सीटला लागून. जड माल तळाला आणि पुढे. मागे वजन लोंबलं की हँडल हलकं होतं आणि घाटात उतरताना गाडी थरथरते. भरून निघताना मागच्या चाकात डबलसीटसाठी पुस्तिकेत दिली आहे तेवढी हवा ठेवा. कॅरिअरची वजनाची मर्यादाही तिथेच बघा आणि त्यातून पेटीचं वजन वजा करा. हे करायला सगळे विसरतात.

शेवटी प्रत्येक नटावरून बोल्टवर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. पन्नासेक किलोमीटर चालवून झालं की वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरला आहे. माझ्याकडे पहिल्या खेपेनंतर एखादा तरी फिरतोच, म्हणून १० आणि १३ चा पाना पेटीतच असतो.