निहालीचं व्याकरण नोंदवायला निघण्याआधी

तिकीट नांदुऱ्याचं किंवा शेगावचं काढा, पुढे एसटी. निहाली बोलणारी माणसं बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहतात. खानदेशातलं जळगाव ते नव्हे. तिथे उतरलात तर फेरी फुकट. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. दहा हजारांपेक्षा कमी लोकांच्या भाषा जनगणनेत स्वतंत्र दाखवत नाहीत आणि अनुसूचित जमातींच्या यादीत निहालांचं नाव शेजारच्या कोरकू जमातीच्याच ओळीत येतं. त्यामुळे कागदपत्रांवरून गावं हुडकत बसू नका. शाळेतले गुरुजी आणि आशाताई जास्त कामाला येतील.

आधी वाचायचं फार नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडातलं (१९०६) निहालीचं टिपण, डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांचा १९६२ सालचा अभ्यास आणि भाषाशास्त्रज्ञ शैलेंद्र मोहन यांचं अलीकडचं काम, एवढं झालं पाहिजे. मात्र त्याहून जास्त वेळ कोरकू भाषेला द्या. निहालीतल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या शब्दांचं कुठल्याच भाषेशी नातं लागत नाही. पाण्याला ‘जोप्पो’ आणि डोळ्याला ‘जिकी’ म्हणणारी ही भाषा ‘दोन’साठी मात्र ‘इरार’ हा द्राविडी शब्द वापरते. उरलेल्यात कोरकूचा भरणा मोठा. कोरकूचे प्रत्यय ओळखता आले नाहीत, तर उसनवारी कुठली आणि घरचं काय, हे तिथे बसून कधीच सुटणार नाही.

प्रश्नांची वही मराठीतूनच करा. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, हिंदीतल्या ‘हम’मध्ये तो भेद आधीच बुजलेला असतो. मात्र मराठीला द्विवचन, म्हणजे दोघांसाठीचं वेगळं रूप, नाही आणि कोरकूला आहे. म्हणून ‘बैल आले’ एवढंच विचारून थांबू नका. एक बैल आला, दोन आले, पुष्कळ आले, असं तिन्ही विचारा. मग तेच माणसांचं, तेच दगडांचं. सजीव-निर्जीवात फरक पडतो का, हे त्यातूनच कळतं. एकच वाक्य आठवडाभराने दुसऱ्या माणसाला पुन्हा विचारायला वहीत रकाना सोडा. आणि ‘असं म्हणता येतं का?’ हा प्रश्न वहीतून खोडूनच टाका. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून लोक ‘येतं की’ म्हणतात. त्यापेक्षा ‘हे कधी म्हणाल, कुणाला म्हणाल?’ असं विचारा. उत्तरात प्रसंग आला तर वाक्य खरं.

लोक सगळा जीव रेकॉर्डरवर टाकतात. डब्ल्यूएव्हीत (आवाज न दाबता साठवणाऱ्या फायलीत), ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर रेकॉर्ड होतंय एवढं बघा. डोक्याला लावायचा माइक, त्याला वाऱ्यासाठी लोकरी टोपी, कानाला हेडफोन, जादा सेल आणि पॉवर बँक घ्या. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात काम करायचं मनातही आणू नका, सगळ्या फायलींत फक्त पाऊस येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरही नको, कापूस वेचणी चालू असते आणि हातावर पोट असलेला माणूस तुमच्यापाशी का बसावा? जेव्हा बसेल तेव्हा त्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे द्यायची तयारी आधीच करा आणि रक्कम पहिल्याच भेटीत सांगा. ‘स्वखुशीने मदत’ ही आपली सोय असते.

संमतीचा छापील फॉर्म न्या, पण तो पुढे करून अंगठा मागू नका. सरकारी कागदाला वाडीवरची माणसं बिचकतात, आणि ते उगाच नव्हे. आवाज कशासाठी घेतो, कोण ऐकणार, नको वाटल्यास कसा काढून टाकायचा, हे सोप्या मराठीत बोला, कोरकूत जमलं तर उत्तमच. होकार रेकॉर्डरवरच घ्या. गाऱ्हाणी, भांडणं, मंत्र यांसाठी वेगळं फोल्डर ठेवा आणि ते बंदच राहील असा शब्द द्या.

ध्वनिमुद्रण वाक्यावाक्याने उतरवायला एलान आणि शब्दकोशासाठी फ्लेक्स, हे दोन्ही संगणकी प्रोग्राम फुकट मिळतात. घरीच टाकून त्यांवर हात बसवून घ्या, तिथे नेटचा भरवसा धरू नका. प्रत्येक फायलीच्या नावात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक त्याच रात्री घाला. खरी नावं वेगळ्या वहीत, आणि ती वही लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायची नाही. गोष्टी आणि गाणी मोबाईलवर वाजतील अशा एमपी३ करून गावात वाटायच्या मेमरी कार्डांवर भरायची आहेत, तेव्हा रिकामी कार्डं जरा जास्तच घ्या. एका घरात दिलं की शेजारचंही मागतं.