टॉर्टच्या पेपरात मार्क कुठे जातात? या चुका टाळा

टॉर्ट, म्हणजे कराराबाहेरच्या दिवाणी अपकृत्यांचा कायदा, हा विषय विद्यार्थ्यांना चटकन आवडतो. बाटलीतली गोगलगाय, मैदानाबाहेर गेलेला क्रिकेटचा चेंडू, विषारी चहा अशा खटल्यांच्या गोष्टी ऐकताक्षणी लक्षात राहतात. अडचणही तिथेच सुरू होते. गोष्ट पाठ असते, पण न्यायालयापुढे नेमका प्रश्न कोणता होता, हे कोणी विचारलं की गडबड उडते.

पहिली परीक्षा गोगलगायीचीच घ्या. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, १९३२. बाटलीतल्या पेयात गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, असं म्हणत एका बाईने उत्पादकावर दावा केला. बाटलीत गोगलगाय होती हे सिद्ध झालं का? अनेक जण ‘हो’ म्हणतात. प्रत्यक्षात ते कधीच सिद्ध झालं नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे (ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय) प्रश्न एवढाच होता: वादीचं म्हणणं खरं धरलं, तर थेट करार नसतानाही उत्पादकावर दावा चालू शकतो का? तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने उत्तर ‘हो’ असं आलं. म्हणजे हा निवाडा काळजी घेण्याच्या कर्तव्याबद्दल आहे. ‘उत्पादकाने निष्काळजीपणा केला हे या खटल्यात ठरलं’ असं लिहिलंत, तर निवाडा वाचलेला नाही हे परीक्षकाला त्या एका वाक्यावरून कळतं.

कर्तव्य दाखवलं म्हणजे दावा जिंकला असं नाही

निष्काळजीपणाच्या प्रश्नात कर्तव्य, त्याचा भंग, कारणसंबंध, नुकसानीची दूरता (झालेलं नुकसान आधी अपेक्षित धरता येण्यासारखं होतं का) आणि शेवटी बचाव असे वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात. विद्यार्थी पहिल्या दोनांवर दीड पान खर्च करतात आणि तिसऱ्यावर ‘त्यामुळे नुकसान झालं’ एवढं म्हणून मोकळे होतात. मार्क जातात ते इथे.

बार्नेटचा खटला यासाठी नीट वाचा. चहा प्यायल्यावर उलट्या होऊ लागलेले तीन पहारेकरी रुग्णालयात गेले. डॉक्टरने त्यांना न तपासताच घरी जाऊन आपापल्या डॉक्टरला भेटायचा निरोप दिला. चहात आर्सेनिक होतं आणि त्यातला एक जण दगावला. कर्तव्य होतं, त्याचा भंगही झाला, तरी दावा फेटाळला गेला. वेळेवर तपासलं असतं तरी तो वाचला नसता, असा पुराव्याचा कल होता. ‘चूक झाली नसती तर काय झालं असतं?’ हा प्रश्न उत्तरात स्वतंत्र वाक्यात लिहायची सवय लावा.

कारणसंबंध आणि दूरता यांची सरमिसळ ही पुढची नेहमीची चूक. ‘वॅगन माउंड’ या जहाजातून सिडनी बंदरात तेल सांडलं, धक्क्यावर वेल्डिंग चालू होतं आणि आग लागली. तेल सांडलं नसतं तर ही आग लागली नसती, याबद्दल वाद नव्हता. तरीही १९६१मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ऑस्ट्रेलियातली अपिलंही तेव्हा ऐकणारं लंडनचं न्यायालय) धक्क्याच्या मालकांचा दावा नाकारला, कारण अशा प्रकारचं नुकसान अपेक्षित धरता येत नव्हतं. पुढे १९६६मध्ये त्याच आगीत नुकसान झालेल्या जहाजांच्या मालकांचा दावा मात्र मान्य झाला. त्यांनी आणलेल्या पुराव्यावरून आगीचा धोका, लहान का असेना, आधी ओळखता येण्यासारखा ठरला. पहिल्या दाव्यातल्या वादींना हा मुद्दा ताणणं अडचणीचं होतं. वेल्डिंग त्यांचीच माणसं करत होती आणि तिथल्या तेव्हाच्या कायद्यात वादीचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर सगळा दावाच बुडायचा. आग एकच, निकाल दोन. हे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचलेत, तर दूरतेबद्दल आणखी चार नोट्स काढायची गरज नाही.

मात्र अपेक्षित असावा लागतो तो नुकसानीचा प्रकार. ते किती गंभीर होईल हे आधी कळायला हवं असं नाही. स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन (१९६२) खटल्यात कामगाराच्या ओठाला वितळलेल्या धातूचा चटका बसला आणि त्यातून कर्करोग झाला. भाजणं अपेक्षित होतं, तेवढं पुरलं. ‘कर्करोगाची कल्पना कुणाला असणार?’ म्हणून दावा नाकारणारी उत्तरं परीक्षेत हमखास दिसतात, आणि ती चुकीची आहेत.

एकच निवाडा घेऊन धावणं

बोल्टन विरुद्ध स्टोन, म्हणजे मैदानाबाहेर गेलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा खटला, वाचलं की ‘शक्यता कमी, म्हणून दायित्व नाही’ असं सूत्र डोक्यात बसतं. त्याच वर्षीचा, १९५१चा, पॅरिस विरुद्ध स्टेपनी जोडीला घ्या. एकाच डोळ्याने दिसणाऱ्या कामगाराचा उरलेला डोळा गेला. इजा किती गंभीर होऊ शकते यावरही काळजीची पातळी ठरते, हे तिथे कळतं.

जुन्या नोट्स

सीनियरच्या वह्यांमध्ये कर्तव्य आहे का हे ठरवणारी कापारो खटल्यातली (१९९०) तीन टप्प्यांची कसोटी (नुकसान अपेक्षित होतं का, पक्षांत पुरेशी जवळीक होती का, कर्तव्य लादणं न्याय्य ठरेल का) प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर असते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या रॉबिन्सन निवाड्यात स्पष्ट केलं, की ती सरसकट लावायची कसोटी नाही. वाहनचालकाचं रस्त्यावरच्या इतरांप्रति असलेलं कर्तव्य कधीच प्रस्थापित झालंय. ते एका ओळीत सांगा आणि पुढे जा.

कोणत्या देशाचा कायदा लिहिताय हेही तपासा. रायलंड्स विरुद्ध फ्लेचरचा नियम (आपल्या जमिनीवर साठवलेली धोकादायक वस्तू निसटून नुकसान झालं, तर निष्काळजीपणा नसतानाही दायित्व) ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९४मध्ये निष्काळजीपणाच्या कायद्यात विलीन केला. उलट भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात धोकादायक उद्योगांसाठी त्याहून कडक, अपवाद नसलेलं दायित्व मांडलं. दोन्ही देशांचे निवाडे एका परिच्छेदात मिसळले की उत्तर कुठल्याच देशाचं राहत नाही.

लॅटिन वचन म्हणजे युक्तिवाद नव्हे

‘व्होलेन्टी’ (राजीखुशीने धोका पत्करणाऱ्याला भरपाई नाही) लिहून ओळ अधोरेखित केली की काम झालं असं वाटतं. पण धोका माहीत असणं वेगळं आणि तो स्वीकारणं वेगळं. स्मिथ विरुद्ध बेकर (१८९१) खटल्यात डोक्यावरून क्रेनने दगड नेले जातात हे कामगाराला ठाऊक होतं, तरी त्याने संमती दिली असं धरलं गेलं नाही. वचन लिहायचंच तर दिलेल्या प्रसंगातली कोणती कृती संमती दाखवते, ते लगेच पुढच्या ओळीत सांगा.

सराव करताना निवाड्याची टिपणं तीन ओळींत ठेवा: प्रश्न काय, उत्तर काय, का. मग वस्तुस्थितीतली एकच गोष्ट बदलून पाहा. बार्नेटमध्ये तातडीच्या उपचाराने रुग्ण वाचला असता तर? उत्तर पालटलं आणि का पालटलं हे सांगता आलं, तर तो निवाडा तुम्हाला समजलाय. प्रश्नात पक्ष अनेक असतील तर कच्च्या पानावर आधी जोड्या पाडा: कोण, कोणाविरुद्ध, कशासाठी. प्रत्येक जोडीचं कर्तव्यापासून बचावापर्यंत वेगळं उत्तर लिहा, आणि ज्या टप्प्यावर खरा वाद आहे तिथेच जास्त शाई खर्च करा.