भिंतीला पोट सुटलं, पायऱ्या हलायला लागल्या: उतारावरची बाग दुरुस्त करताना या चुका टाळा

माझ्या बागेतल्या भिंतीला पोट सुटलं तेव्हा मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. सिमेंट-वाळू कालवली, भेगा बुजवल्या, दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, नीट भरून घेतल्या आणि वर पाणी मारून दोन दिवस खूश राहिलो. पुढच्या पावसात पोट दोन बोटं आणखी पुढे आलं.

मग चार दगड काढून बघितलं. भिंतीत पाणी जायला चार नळ्या बसवलेल्या होत्या, बाहेरून अगदी ओळीत. एकीत सळई घातली तर वीतभर गेली आणि चिकट मातीत रुतली. नळी भिंतीच्या पाठीशी संपत होती, मागे खडीचा एक दाणा नव्हता. दुसरी नळी बांधतानाच मसाल्याच्या (कालवलेल्या सिमेंट-वाळूच्या) गोळ्याने बंद झालेली. दोन दिवस पाऊस नव्हता, तरी काढलेल्या दगडाच्या जागेतून पाव तास पाणी झिरपत राहिलं. म्हणजे बिघाड पाठीमागे होता आणि मी डागडुजी करत होतो तोंडाला.

उतारावरच्या भिंती आणि पायऱ्यांचं बहुतेक दुखणं असंच न दिसणाऱ्या बाजूला असतं. भिंतीमागे मीटरभर उंचीचं पाणी साचलं तर ते भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ५०० किलोने ढकलतं, आणि हे मातीच्या रेट्याशिवाय. उंची दुप्पट झाली की हा जोर चौपट होतो आणि भिंत उलथवण्याची ताकद आठपट. त्यामुळे ‘छोटी भिंत टिकली, तीच जरा उंच करू’ हा हिशेब मुळातच चुकतो.

मोजण्याआधी पाडायला घेणं

वाकडी दिसणारी प्रत्येक भिंत पडणारी नसते. काही जुन्या भिंती एकदा झुकतात आणि वर्षानुवर्षं तशाच उभ्या राहतात. वरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा, वर, मध्ये आणि खाली दोरीपासून दगडापर्यंतचं अंतर मोजा आणि भिंतीवरच पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवा. महिन्याने आणि मोठ्या पावसानंतर पुन्हा मोजा. आकडा सरकत असेल तर हात घाला.

पोट मध्यावर असेल तर पाणी अडतंय, किंवा भिंतीचे पुढचे आणि मागचे दगड एकमेकांपासून सुटलेत. अख्खी भिंत सरळ राहून पुढे कलली असेल तर संशय पायावर घ्या. पायरी-पायरीने तिरकी चढत गेलेली भेग म्हणजे बहुधा पाया एका बाजूला खचतोय. तोंडावर पांढरी खार फुटली असेल तर पाणी नळीऐवजी भिंतीतूनच वाट काढतंय. नळीतून गढूळ पाणी येत असेल तर मागची माती रोज थोडी थोडी बाहेर जातेय, आणि काही दिवसांनी वरची जमीन बसेल.

गडग्याच्या दर्जा सिमेंटने भरणं

यावर माझं मत ठाम आहे: गडग्याला, म्हणजे मसाल्याशिवाय नुसते दगड रचून केलेल्या कोरड्या रचाईच्या भिंतीला, सिमेंट लावू नये. गडग्यात प्रत्येक फट ही पाण्याची वाट असते. शिवाय जमीन थोडी हलली तर दगड आपापसात सरकून पुन्हा बसतात. फटी बुजवल्या की पाणी कोंडतं आणि भिंत ताठ होते, पण जोर सहन करण्याइतकी मजबूत होत नाही. सिमेंटची भिंत हवी असेल तर ती पायापासून तशी बांधा आणि पाण्याची सोयही तिच्या रीतीने करा.

सगळी भिंत एकदम उतरवणं

घाईत होणारी सर्वांत धोक्याची चूक हीच. भिंत काढली की मागचा मातीचा उभा काप कशाच्याही आधाराशिवाय राहतो. एक घनमीटर ओली माती दीड-दोन टन भरते, आणि ती कोसळताना आवाज देत नाही. म्हणून कोरड्या दिवसांत, मीटर-दीड मीटरचे तुकडे पाडून काम करा. काप उभा ठेवू नका, मागे कलता घ्या. काढलेली माती कडेवर रचू नका आणि कापाखाली एकट्याने वाकून काम करू नका.

दगड काढतानाच लावून ठेवा. वरच्या थराचे सर्वांत दूर, पायाचे भिंतीजवळ, कारण शेवटी निघालेले दगड आधी लागणार असतात. ढीग केला तर प्रत्येक दगड तीनदा उचलाल, आणि कंबर त्याचा हिशेब ठेवते.

पाया आणि रचाई

पाया वरच्या भुसभुशीत मातीवर नको, घट्ट थर लागेपर्यंत खोदा. तळ सपाट किंवा किंचित आत, मागच्या मातीकडे, कललेला हवा आणि पहिला थर निदान १५ सेंटीमीटर जमिनीत गाडलेला हवा. जास्त खोदलं गेलं तर खड्डा त्याच मातीने भरू नका, खडी टाकून धुमसा. जमीन भिंतीच्या लांबीत उतरत असेल तर पायाही टप्प्याटप्प्याने उतरवा. तिरका पाया म्हणजे भिंतीला घसरायला केलेली घसरगुंडी.

कोरड्या रचाईत तळाची जाडी उंचीच्या किमान निम्मी धरा आणि तोंड मागे झुकवा, मीटरमागे साधारण १२ ते १५ सेंटीमीटर. दगडाची लांब बाजू आत गेली पाहिजे. तोंडाला मोठा दिसावा म्हणून दगड आडवा लावण्याचा मोह होतो, आणि त्यातूनच पुढचे आणि मागचे दगड वेगवेगळे उभे असलेली दोन पडद्यांची भिंत तयार होते. मीटर-मीटरवर भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारा दगड घाला. सांधमोड प्रत्येक थरात हवी, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ नये. डळमळणाऱ्या दगडाला कपची (दगडाचा पातळ तुकडा) मागून ठोका. पुढून ठोकलेली कपची कालांतराने निसटते.

मागची भरणी

इथे वेळ घालवा. भिंतीमागे ३० सेंटीमीटर जाडीचा स्वच्छ खडीचा पट्टा हवा, आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड. कापड नसेल तर माती खडीत उतरते आणि काही वर्षांत पुन्हा तुंबतं. तळाशी १० सेंटीमीटर व्यासाचा भोकांचा पाइप, १०० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर उतार देऊन. भोकं खाली करा. पाणी तळातून चढतं, त्यामुळे ते लवकर पाइपात शिरतं. पाइपाचं तोंड उघड्यावर, दिसेल अशा जागी काढा. झाडीत लपवलेलं तोंड बुजलं तरी कळत नाही. सिमेंटची भिंत असेल तर शिवाय मीटर-दीड मीटरवर बाहेर उतार असलेल्या नळ्या ठेवा, आणि त्या खडीपर्यंत पोचल्यात हे भरणीआधी डोळ्यांनी बघा.

भरणी १५ सेंटीमीटरच्या थरांनी. भिंतीपासून मीटरभर अंतरात यंत्र चालवू नका, हातधुमस पुरे. नवी भिंत पहिल्याच आठवड्यात यंत्राने पुढे ढकलली जाते आणि दोष मात्र दगडांवर येतो. सर्वांत वर चिकणमातीचा वीतभर थर द्या आणि वरचं पाणी वळवायला चर काढा. छपराच्या पन्हळीचं पाणी भिंतीमागे सोडलेलं असेल तर आधी ते हलवा.

पायऱ्या

भिंतीच्या मानाने पायऱ्यांचं काम सोपं आहे, चुकतं ते गणित. सगळी चढण आधी मोजा. १.३५ मीटर असेल तर १५ सेंटीमीटरच्या ९ पायऱ्या. पाऊल ठेवायच्या जागेसाठी सतराव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुविशारद ब्लाँदेलचा नियम अजून उपयोगी आहे: उंचीची दुप्पट अधिक रुंदी मिळून ६० ते ६४ सेंटीमीटर. म्हणजे इथे ३३ ठीक, बागेत थोडं जास्तही चालतं. हमखास होणारी गफलत अशी की वरच्या फरशीची आणि तिच्याखालच्या मसाल्याची जाडी कोणी धरत नाही. मग शेवटची पायरी तीन सेंटीमीटरने बुटकी निघते आणि पाहुणा नेमका तिथेच अडखळतो.

काम खालून सुरू करा. वरच्या पायऱ्यांचं ओझं खालच्या पायरीवर येतं, म्हणून तिच्याखाली काँक्रीटचा भक्कम तळ हवा. वरच्या पायरीचा उभा दगड खालच्या फरशीवर निदान ५ सेंटीमीटर चढू द्या. फरशीखाली मसाल्याचे पाच ठिपके देऊन बसवू नका, सलग थर द्या. बोटाने वाजवली आणि पोकळ आवाज आला तर ती फरशी पुन्हा काढा. प्रत्येक पायरीला पुढे मीटरला २ सेंटीमीटरच्या हिशेबाने उतार द्या, म्हणजे ३३ सेंटीमीटरच्या पायरीला ६-७ मिलिमीटर. कडेने चर नसेल तर पायऱ्याच ओढा बनतात आणि पाणी खालची माती घेऊन जातं. पायऱ्या भिंतीला लागून असतील तर दोन्ही घट्ट जोडू नका, सांधा मोकळा ठेवा. दोघी सारख्या बसत नाहीत.

स्वतः करू नये असं काही

मीटर-सव्वा मीटरवरची भिंत, जिच्या वर गाडी उभी राहते किंवा टाकी आहे अशी भिंत, घराच्या पायाजवळची भिंत, आणि भिंतीच्या वरच्या जमिनीत तिला समांतर भेगा पडल्या असतील तर तीही. ही कामं स्थापत्य अभियंत्याला दाखवा. बऱ्याच ठिकाणी एका उंचीनंतर परवानगीही लागते. एका उंच भिंतीऐवजी दोन ठेंगण्या बांधणार असाल तर वरची भिंत खालचीच्या उंचीच्या दुपटीइतकी मागे घ्या, नाहीतर तिचं ओझं खालचीवरच येतं.

काम झाल्यावर पहिला जोराचा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन बाहेर जा आणि पाइपाच्या तोंडाशी उभे राहा. सुरुवातीला गढूळ पाणी येईल, त्याची काळजी नको. चार-पाच पावसांनंतरही ते गढूळच असेल तर कापड कुठेतरी फाटलंय किंवा नीट चढवलेलं नाही. आणि पाऊस कोसळत असताना पाइप कोरडाच असेल तर पाणी दुसरीकडून जातंय. ती जागा त्याच दिवशी, भिंत ओली असतानाच शोधा.