टू-स्ट्रोक करवतीचा धूर आणि तेलाचे नेमके माप : माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात गुहागरजवळच्या आमच्या आंब्याच्या बागेत मोडलेल्या फांद्या कापताना चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) निळसर धूर सोडत असे, दहा-पंधरा मिनिटांत बंद पडे, आणि स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) काढून पाहावा तर टोकावर ओला, काळा, चिकट थर जमलेला असे. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, कार्बोरेटरचे स्क्रूही फिरवून पाहिले, पण उपयोग झाला नाही आणि त्यात दोन आठवडे वाया गेल्याचे फार वाईट वाटले.

दोष तेलाच्या मापात होता. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. माहितीपुस्तिकेत पेट्रोल आणि तेलाचे 50:1 प्रमाण, म्हणजे लिटरभर पेट्रोलला 20 मिलि तेल, सांगितले होते. मी मात्र लिटरला बाटलीचे एक झाकण भरून तेल टाकत होतो आणि ते मोजल्यावर 35 मिलि भरले.

मग जुने मिश्रण टाकीतून पूर्ण काढले. औषधांच्या दुकानातून 20 मिलिची सिरिंज, सुईविना, आणली. धातूच्या स्वच्छ डब्यात आधी अर्धा लिटर पेट्रोल घेतले, सिरिंजमधील हवेचा बुडबुडा वर ढकलून काढून नेमके 20 मिलि टू-स्ट्रोक तेल त्यात सोडले, झाकण लावून चांगले हलवले, उरलेले अर्धा लिटर ओतले आणि पुन्हा हलवले. नवा प्लग बसवला. सिरिंज फक्त तेलासाठीच ठेवावी, कारण पेट्रोलने तिचे रबर फुगते. आपल्याकडच्या दमट हवेत इथेनॉलयुक्त पेट्रोल ओलावा शोषते, म्हणून मी आता लागेल तेवढेच, लिटरभरच, मिश्रण करतो. त्यानंतर करवत सलग तासभर चालली आणि प्लगचे टोक फिकट तपकिरी, कोरडे निघाले.